प्रवासी क्रेडिट कार्डांचे बदललेले फायदे: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं काम तिकिटं काढून देण्याचं. पण हल्ली काउंटरवर येणारा माणूस तिकिटाचा भाव विचारायच्या आधी खिशातलं जड, काळं कार्ड टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "यावर आता काय मिळतं ते सांगा." फोनवर, व्हॉट्सॲपवरही तेच. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कार्डांची नावं उदाहरणापुरती आहेत. तुमच्या कार्डाची आजची अट बँकेच्या साइटवर पाहूनच निर्णय घ्या.

१. प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड साध्या कार्डापेक्षा वेगळं काय असतं?

फी जास्त आणि परतावा प्रवासाच्या रूपात, एवढाच मूळ फरक. ॲक्सिस ॲटलसची वार्षिक फी ५,००० रुपये, एचडीएफसी इन्फिनिया आणि ॲक्सिस मॅग्नसची १२,५०० रुपये. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे १२,५०० ची फी बिलात १४,७५० होऊन येते. बदल्यात पॉइंट किंवा मैल (विमान कंपनीचे पॉइंट, ज्यांवर तिकीट काढता येतं), विमानतळावरचं लाउंज (बसण्या-खाण्याची खास जागा), परदेशी खर्चावर कमी शुल्क, ठरावीक खर्च पूर्ण केला की मिळणारा बोनस आणि काही कार्डांवर विमा. गेल्या काही वर्षांत यातल्या बहुतेक गोष्टींना कात्री लागली आहे, एकाच वेळी नाही, एकेक करून.

२. बँकेचा "अटींमध्ये बदल" असा लांबलचक मेल आलाय. त्यात नेमकं काय वाचायचं?

सुरुवातीचा "आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी" हा परिच्छेद सोडून द्या. चार गोष्टी शोधा: बदल कोणत्या तारखेपासून, पॉइंट विमान कंपनीकडे हलवून मैल करण्याचं प्रमाण काय, कोणत्या खर्चावर पॉइंट बंद झाले आणि लाउंजसाठी किती खर्चाची अट आहे. ही माहिती बहुतेक वेळा मधल्या एखाद्या तक्त्यात किंवा तारांकित टीपेत असते.

मेल आला त्याच दिवशी जुन्या अटींची पीडीएफ उतरवून ठेवा. नवीन अटी लागू झाल्या की साइटवरची जुनी फाइल गायब होते, आणि पुढे वाद झाला तर तुमच्या हातात कागद राहत नाही.

३. फी पूर्ण वर्षाची घेतली आणि फायदे मधेच कमी केले. हे चालतं का?

सर्वात जास्त रागाने विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर दोन भागांत आहे.

शुल्क वाढवायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि वाढ मागच्या तारखेपासून लावता येत नाही. वाढ मान्य नसेल तर थकबाकी चुकती करून कार्ड परत करता येतं, बंद करण्याचे वेगळे पैसे बँक घेऊ शकत नाही.

पॉइंट, लाउंज, बोनस हे मात्र बँक "सवलत" म्हणून देते आणि त्या बदलण्याचा हक्क करारात राखून ठेवलेला असतो. त्या करारावर आपण सही केलेली असते. त्यामुळे नुसते फायदे कमी झाले म्हणून उरलेल्या महिन्यांची फी हिशेबाने परत मिळत नाही. आमच्या मते हे अन्यायाचंच आहे, पण आजचा व्यवहार असा आहे. तरी विचारून बघायला हरकत नाही. नियमित वापर असलेल्या ग्राहकाला बँक थोडीफार फी किंवा पॉइंट परत देते, विशेषतः त्याने कार्ड बंद करतो म्हटल्यावर.

४. माझे पॉइंट खात्यात तेवढेच दिसतात. मग सगळे "किंमत घटली" का म्हणतात?

कारण पॉइंटची संख्या ही किंमत नव्हे. तो पॉइंट विमान कंपनीकडे नेला की त्याचे किती मैल होतात, ती किंमत.

ॲक्सिस मॅग्नसचं उदाहरण घ्या. १ सप्टेंबर २०२३ च्या आधी ५ पॉइंटचे ४ मैल व्हायचे. त्यानंतर ५ चे २. ज्याच्या खात्यात १०,००० पॉइंट होते त्याला आधी ८,००० मैल मिळाले असते, नंतर ४,०००. खात्यातला आकडा जराही हलला नाही आणि माल निम्मा झाला. त्याच दिवशी महिन्याला १ लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंट बंद झाले, फी १०,००० वरून १२,५०० झाली आणि फी माफीसाठीचा वार्षिक खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला. प्रवासी कार्डवाले अजूनही त्या तारखेची आठवण काढतात.

दुसरी कात्री बारीक असते. ॲक्सिसने २० डिसेंबर २०२४ पासून अनेक कार्डांवर पॉइंट पार्टनर कंपनीकडे हलवायला १९९ रुपये अधिक जीएसटी असं शुल्क लावलं. थोडे थोडे पॉइंट चार वेळा हलवणाऱ्याला हे चार वेळा पडतं.

५. मग आहेत ते सगळे पॉइंट आत्ताच विमान कंपनीकडे हलवून टाकू का?

तिकीट कोणतं काढायचं हे ठरलं नसेल तर नको. एकदा हलवलेले पॉइंट परत येत नाहीत. शिवाय विमान कंपनीकडेही मुदत असते: सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर मैल ३६ महिन्यांनी संपतात. आणि विमान कंपन्याही आपले तक्ते बदलतातच.

आधी कंपनीच्या साइटवर तुमच्या तारखेला मैलांवर जागा दिसते का पहा. दिसली, तर लागतील तेवढेच हलवा. पॉइंट पोहोचायला कधी काही मिनिटं, कधी काही दिवस लागतात, तेवढ्यात जागा जाऊ शकते, ही जोखीम धरूनच चाला. पॉइंटची किंमत घटण्याची तारीख जाहीर झाली असेल आणि वर्षभरात नक्की जायचं असेल, तर तेवढ्यापुरता हा नियम मोडायला हरकत नाही. पण "कधीतरी युरोपला जाऊ" म्हणून वर्षानुवर्षं पॉइंट साठवणं म्हणजे बर्फ पेटीत भरून ठेवण्यासारखं आहे.

६. माझं कार्ड व्हिस्ताराचं होतं. ते पॉइंट बुडाले का?

नाही. व्हिस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब व्हिस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात एकास एक गेले. तो कार्यक्रम आता महाराजा क्लब नावाने चालतो. दोन्हीकडे खाती होती आणि नावाचं स्पेलिंग किंवा मोबाइल नंबर वेगळा होता, अशांची खाती जोडताना अडचण आली. अजून जोडलं नसेल तर जुना सदस्य क्रमांक हाताशी ठेवून एअर इंडियाशी बोला. बँकेकडे त्याचं उत्तर नसतं.

७. पूर्वी नुसतं कार्ड दाखवलं की लाउंजमध्ये सोडायचे. आता "खर्च पूर्ण नाही" म्हणतात. हे काय आहे?

लाउंज आता खर्चाला जोडलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिमाहीच्या खर्चाला. एचडीएफसी रेगालियावर १ डिसेंबर २०२३ पासून कॅलेंडर तिमाहीत १ लाख खर्च केल्यावरच दोन प्रवेश मिळू लागले. आयसीआयसीआयने १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून बऱ्याच कार्डांवर ती ७५,००० केली.

"आधीची तिमाही" हे शब्द नीट वाचा. मे महिन्याच्या सुट्टीत लाउंज हवं असेल तर जानेवारी ते मार्चचा खर्च मोजला जातो. एप्रिलमध्ये लग्नाचे दागिने कार्डावर घेतले तरी मेमध्ये त्याचा उपयोग नाही, तो जुलैपासून. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. वरच्या श्रेणीच्या काही कार्डांवर अशी अट नाही, म्हणून शेजाऱ्याचं ऐकून स्वतःच्या कार्डाबद्दल ठरवू नका.

८. खर्च पूर्ण होता, तरी काउंटरवर कार्ड नाकारलं. का?

काउंटरवरची मुलगी कार्ड मशीनमध्ये घालते, तपासणीपुरते २ रुपये वगैरे कापले जातात आणि मशीन "हो" किंवा "नाही" सांगतं. ती मुलगी तुमचा खर्च पाहू शकत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. नाकारण्याची नेहमीची कारणं ही:

कार्डावर ऑनलाइन किंवा मशीनवरचे व्यवहार ॲपमधून बंद ठेवलेले असतात. सोलापूरकरांत हे फार, कारण सुरक्षेसाठी सगळं बंद करून ठेवायची सवय. किंवा तिमाहीच्या शेवटच्या दोन दिवसांत केलेला खर्च पुढच्या तिमाहीत नोंदला गेलेला असतो. किंवा त्या बँकेचा त्या लाउंजशी करार संपलेला असतो. हे करार बँक बहुधा मधल्या कंपनीमार्फत करते. अशी एक मोठी कंपनी, ड्रीमफोक्स, हिने १६ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत लाउंजची सेवा थांबवली आणि बँकांना दुसऱ्या सोयी कराव्या लागल्या. काही ठिकाणी आता कार्डाऐवजी ॲपमधून क्यूआर कोड किंवा व्हाउचर काढावं लागतं. ते घरून निघायच्या आधीच काढून ठेवा.

९. सोलापूरच्या विमानतळावर कोणतं कार्ड चालतं?

होटगी रोडच्या आपल्या टर्मिनलवर लाउंज नाही, त्यामुळे कोणतंच नाही. गोव्याची फ्लाय९१ ची सेवा ९ जून २०२५ ला सुरू झाली, मुंबई आणि बेंगळुरूची स्टार एअरची १५ ऑक्टोबर २०२५ ला. विमानांच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडण्यापासून इथपर्यंत यायला किती वर्षं गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे, लाउंजची घाई कोणाला नाही.

व्यवहाराचा मुद्दा वेगळा आहे. मोठ्या बँका पॉइंट हलवू देतात ते एअर इंडिया, सिंगापूर एअरलाइन्स यांसारख्या मोठ्या कंपन्यांकडे. सोलापूरहून उडणारं तिकीट पॉइंटवर हवं असेल तर बँकेच्या स्वतःच्या प्रवास पोर्टलवर ते दिसतं का पाहा. तिथे पॉइंटचा भाव सहसा मैलांपेक्षा कमी बसतो.

१०. बायको-मुलांना लाउंजमध्ये नेता येतं का?

कार्डावर पाहुण्यांची सोय लिहिलेली असेल तरच. ॲड-ऑन कार्ड (घरच्यांच्या नावाचं जोडकार्ड) काढलं म्हणजे वेगळा कोटा मिळाला असं नाही, बऱ्याच कार्डांवर मुख्य कार्डाच्याच कोट्यातून प्रवेश वजा होतो. प्रायॉरिटी पासवर (काही कार्डांबरोबर मिळणारं लाउंजचं वेगळं सदस्यत्व) पाहुणा नेला तर डॉलरमधली रक्कम नंतर बिलात येते, तेव्हा विसरलेली असते.

११. कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत?

यादी दरवर्षी लांबते. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं आणि ईएमआयचे व्यवहार जवळजवळ सगळीकडे बाहेर आहेत. सरकारी भरणा, विमा, वीजबिल, शाळेची फी यांवर कुठे पॉइंट बंद, कुठे मर्यादा. भाड्यावर तर उलट १ टक्का शुल्क लागतं, आणि सप्टेंबर २०२५ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रिगेटर (ऑनलाइन पैसे पोहोचवणाऱ्या मधल्या कंपन्या) नियमांनंतर अनेक ॲपनी घरमालकाला कार्डाने भाडं पाठवण्याची सोयच बंद केली.

दुकान काय विकतं यापेक्षा त्याच्या मशीनवर बँकेने कोणता वर्ग-क्रमांक टाकला आहे त्यावर हे ठरतं. नवी पेठेतल्या एखाद्या दुकानदाराचं मशीन चुकीच्या वर्गात नोंदलेलं असेल तर कपडे घेऊनही पॉइंट येणार नाहीत.

१२. मी सुताचे, रंगाचे पैसे माझ्या वैयक्तिक कार्डाने देतो. लाखांत पॉइंट जमतात. अडचण काय?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून हा प्रश्न नेहमी येतो. अडचण अशी, की वैयक्तिक कार्ड धंद्याच्या खरेदीला वापरायचं नाही असं बहुतेक बँकांच्या अटींत लिहिलेलं असतं. एकाच पुरवठादाराकडे दर महिन्याला गोल आकड्यांचे मोठे व्यवहार दिसले की बँक बिलं मागते, पॉइंट गोठवते, कधी कार्डच बंद करते. पॉइंट "परत घेण्याचा" हक्कही तिने ठेवलेला असतो. फायदे कमी करणाऱ्या काही परिपत्रकांमागे अशाच वापराचं कारण असतं.

यंत्रमाग किंवा गारमेंटचा व्यवसाय असेल तर धंद्याच्या नावावरचं बिझनेस कार्ड घ्या. पॉइंट थोडे कमी मिळतील, पण रात्री झोप लागेल आणि सीएचा हिशेबही सोपा होईल. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख घेणं हा प्रकार तर करूच नका.

१३. तुमच्याकडून तिकीट काढलं तर "प्रवास खर्चाचे" जादा पॉइंट मिळतील ना?

बऱ्याचदा नाही, आणि हे आम्हीच सांगितलेलं बरं. उदाहरणार्थ ॲटलसवर १०० रुपयांना ५ मैल मिळतात ते विमान कंपनी किंवा हॉटेलकडे थेट किंवा बँकेच्या ट्रॅव्हल एज पोर्टलवर खर्च केला तर, इतर खर्चावर २. एजंटचं मशीन ट्रॅव्हल एजन्सीच्या वर्गात मोडतं, थेट विमान कंपनीच्या नाही. एकट्याचं, साधं येण्या-जाण्याचं तिकीट असेल तर सरळ कंपनीच्या साइटवर काढा. बारा जणांचं ग्रुप बुकिंग, व्हिसा, तारखा बदलण्याची शक्यता असेल तर आमच्याकडे या. तिथे पॉइंटपेक्षा तारीख बदलून देणारा माणूस महत्त्वाचा.

१४. दुबई-सिंगापूरला कार्ड वापरलं तर किती जादा लागतं? टीसीएस (खर्चाच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर) कापतात का?

साध्या कार्डांवर परदेशी व्यवहाराचं शुल्क सहसा ३.५ टक्के, प्रीमियम कार्डांवर २ टक्क्यांच्या आसपास, वर त्या शुल्कावर जीएसटी. १ लाखाच्या खर्चावर पहिल्यात ४,१३० रुपये, दुसऱ्यात २,३६०. हा एक फायदा बँकांनी फारसा कापलेला नाही.

दुकानातलं मशीन "रुपयांत की दिरहॅममध्ये?" असं विचारतं, तेव्हा दिरहॅम निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा वाईट दर लागतो आणि वर बँकही शुल्क लावू शकते.

टीसीएसचं म्हणाल तर परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) धरण्याचा निर्णय सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला, त्यामुळे त्यावर टीसीएस कापला जात नाही. पण परदेशी टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस लागतोच, पैसे कार्डाने द्या की चेकने. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

१५. कार्डावर १ कोटीचा विमान अपघात विमा होता. अजून आहे का?

तपासा. एसबीआय कार्डने एलिट, माइल्स एलिट आणि माइल्स प्राइम या कार्डांवरचा १ कोटीचा विमान अपघात विमा १५ जुलै २०२५ पासून बंद केला. ज्या कार्डांवर तो चालू आहे तिथेही तिकीट त्याच कार्डाने काढलेलं असणं किंवा अलीकडे कार्ड वापरलेलं असणं अशा अटी असतात. वारसाचं नाव बँकेत लेखी नोंदवलेलं आहे का हेही विचारा, बहुतेकांचं नसतं. कार्डावरच्या विम्यावर विसंबून वेगळा प्रवास विमा टाळू नका.

१६. पॉइंटवर काढलेलं तिकीट रद्द केलं तर?

मैल त्या कंपनीच्या नियमाने, बहुधा शुल्क कापून, तिच्या खात्यात परत येतात. बँकेत नाही. मुदत संपलेले मैल परत मिळतीलच असं नाही. उलट, कार्डाने पैसे भरून काढलेलं तिकीट रद्द केलं तर त्या खर्चाचे पॉइंट वजा होतात आणि तेवढा खर्च तिमाहीच्या किंवा वर्षाच्या अटीतूनही कमी होतो. लाउंजची अट अगदी काठावर पूर्ण केली असेल तर यामुळे ती मागाहून अपूर्ण ठरू शकते.

१७. मग एवढी फी भरून कार्ड ठेवावं की नको?

जाहिरातीतला एकूण फायदा बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष काय वापरलं ते लिहा. १४,७५० रुपये वसूल व्हायला हवेत.

सोलापूरहून पुण्याचा विमानतळ सुमारे २५० किलोमीटर. आपली मंडळी पहाटे निघतात, टेंभुर्णी किंवा भिगवणला पोटभर खातात आणि मग लाउंजमध्ये चहा पितात. अशा लाउंजची किंमत हिशेबात हजारो रुपये धरू नका. वर्षातून एकदा-दोनदाच विमान, तेही देशातलं, असेल तर बिनफीचं किंवा कमी फीचं कार्ड पुरतं. परदेशी व्यवहार मोठे असतील, मुलं बाहेर शिकत असतील, किंवा मैलांवर बिझनेस क्लास काढायची खटपट करायची तयारी असेल, तर महाग कार्ड आजही परवडतं. मधल्या गटाचा मात्र तोटा होतो, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक त्याच गटातले असतात.

१८. कार्ड बंद करायचं ठरवलं. काय काळजी घेऊ?

आधी पॉइंट वापरा. बंद झाल्यावर ते सहसा बुडतात (कुठे वापरायचे ते प्रश्न ५ मध्ये). मग त्या कार्डावर लावलेले ओटीटी, विमा हप्ता, वीजबिल यांचे आपोआप जाणारे पैसे दुसरीकडे वळवा. थकबाकी शून्य करा. विनंती आल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला आणि थकबाकी नसेल तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. जास्त भरलेली रक्कम बँक खात्यात परत येते. विनंती ॲपवरून किंवा मेलने करा, म्हणजे तारीख राहते.

जुनं कार्ड बंद केल्यावर एकूण मर्यादा घटते आणि सिबिल थोडा हलू शकतो. गृहकर्जाची फाइल चालू असेल तर ती मंजूर होईपर्यंत थांबा. त्याच बँकेत खालच्या श्रेणीचं बिनफीचं कार्ड घेणं हाही मार्ग आहे.

१९. मला न विचारताच वरच्या श्रेणीचं कार्ड पाठवलं आणि फी लावली.

ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देणं किंवा श्रेणी वाढवणं रिझर्व्ह बँकेने मना केलं आहे. बँकेला फी परत करावी लागते आणि वर त्या रकमेच्या दुप्पट दंडही बँकेनेच तुम्हाला द्यायचा असतो. फक्त फोनवर "हो, हो, पाठवा" म्हटलं होतं का आणि नंतर आलेला ओटीपी सांगितला होता का, हे आधी आठवा. ती संमती धरली जाते.

२०. बँक ऐकत नाही. तक्रार कुठे?

आधी बँकेकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर. फी नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८.

पण "लाउंज कमी केलं" किंवा "पॉइंटचा भाव पाडला" ही बँकेच्या व्यावसायिक निर्णयाची बाब ठरते आणि तक्रार तिथेच निकाली निघते. सूचना न देता शुल्क वाढवलं, बंद करायला उशीर केला, प्रश्न १९ सारखं झालं, किंवा जुन्या अटींच्या काळात कमावलेला बोनस दिला नाही, अशी नेमकी गोष्ट, तारीख आणि कागद असतील तर मांडा. प्रश्न २ मधली पीडीएफ इथे कामाला येते.

२१. "तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, लिंकवर क्लिक करा" असा मेसेज आलाय. खरा आहे का?

बदलांच्या बातम्या आल्या की असे मेसेज वाढतात. लिंक उघडू नका, बँकेचं ॲप स्वतः उघडून मुदत पहा. पॉइंट वापरायला कार्डाचा पिन किंवा सीव्हीव्ही फोनवर कोणी विचारत नाही. माहिती दिलीच असेल तर आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा, मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. सकाळपर्यंत थांबू नका.